‘कोणी शोधलं’ हा रकाना

स्मरणिकेच्या संपादकांनी कपाटातल्या तीन नोंदवह्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “काका, पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायचाय. अध्यक्षांची यादी, मोहिमांची यादी आणि चार शब्द मनोगत.” याद्या त्यांनी स्वतःच केल्या, त्या पुढच्या पानांवर आहेत. मनोगत मला जमत नाही. वह्या मात्र मी चार रात्री बसून वाचल्या आणि पहिल्या वहीत एक चूक सापडली. चूक माझीच. अक्षर माझं, तेव्हाचा कार्यवाहही मीच.

पहिली वही लाल कापडी बांधणीची आहे, व्यापारी जमाखर्चाला ठेवतात तशी. मंडळाला तेव्हा जागा नव्हती. पिठाच्या गिरणीमागची एक खोली मालकांनी दिली होती, वहीही त्यांचीच. आजही पान उलटलं की शिवणीतून पीठ सांडतं. पट्टीनं आखलेले पाच रकाने आहेत: तारीख, ठिकाण, हरवलेल्याचं नाव, काय झालं आणि कोणी शोधलं. शेवटच्या रकान्यात पहिल्या पानापासून एकच शब्द आहे, ‘मंडळ’. त्याखालच्या सगळ्या ओळींत नुसती दोन टिंबं, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. त्यातल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी ते खरं नाही. हा इतिहास त्या टिंबांपासून सुरू करतो.

आपल्या मंडळाची स्थापना कशी झाली ते प्रत्येक वार्षिक सभेत सांगितलं जातं. दोन कॉलेजची पोरं हरिश्चंद्रगडावर हरवली, आपल्या गावातल्या अकरा तरुणांनी रात्रभर डोंगर पालथा घातला, सकाळी पोरं सुखरूप मिळाली आणि त्याच आठवड्यात गिरणीत बैठक झाली. यात काहीही खोटं नाही. फक्त डोंगर पालथा घालणारे एक होते आणि पोरं सापडली ती दुसऱ्याला.

श्रावण होता. पोरं कल्याणच्या एसटीनं खुबी फाट्यावर उतरली आणि खिरेश्वरावरून टोलार खिंडीत चढली. तिथून पुढचा कातळटप्पा पार केला की माणसाला वाटतं, आता आलंच देऊळ. खरी मेख तिथूनच आहे. वर एकसारख्या टेकाडांचं पठार लागतं; एक चढावं, उतरावं, ओढा ओलांडावा, की पुढं अगदी तसंच दुसरं. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि कारवी पुरुषभर वाढलेली असली तर धुक्याचीही गरज नाही. आता तिथं बाण रंगवलेत, पाट्या आहेत. तेव्हा दगडांवर रचलेले दगड होते आणि तेही गुरांनी पाडलेले.

आम्ही गडाचे जाणते म्हणून मिरवणारे. काथ्याचा विहिरीचा सोल खांद्यावर टाकून, दोन बॅटऱ्या घेऊन संध्याकाळी निघालो आणि रात्रभर ओरडत फिरलो. अकरा जण एकाच वेळी वेगवेगळ्या हाका मारत होते. कोणी उत्तर दिलं असतं तर ते आम्हाला ऐकू आलं नसतं, एवढं आज कळतं. पहाटे खिंडीत परत आलो तेव्हा आमच्यातलेच दोघे चुकले होते. पोरं पलीकडे पाचनईच्या बाजूला होती. तिथल्या एका गुराख्याच्या म्हशी सकाळी नेहमीच्या पाणवठ्यावर उतरेनात. एक म्हैस तर कारवीकडं तोंड करून फुरफुरत उभी राहिली. बिबट्या असेल म्हणून त्यानं काठी आपटली, तर कारवीतून रडण्याचा आवाज आला. त्यानं पोरांना घोंगडीत घेतलं, घरी नेलं, बायकोनं चुलीजवळ बसवून गूळ घातलेला कोरा चहा पाजला. दुपारी आम्हाला निरोप मिळाला. गिरणीतल्या बैठकीनंतर मी वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात ‘मंडळ’ असं लिहिलं. मुद्दाम खोटं लिहिलं असंही नाही. दुसरं काही लिहिता येईल हे सुचलंच नाही.

चुकलेली आमची दोन माणसं परतली तेव्हा त्यांनी शपथेवर सांगितलं, की आम्ही सरळ चाललो होतो आणि तीन वेळा त्याच दगडापाशी आलो. गावातल्या म्हाताऱ्यांनी एका शब्दात निकाल दिला: चकवा. चकवा म्हणजे माणसाला रानात फिरवत ठेवणारं भूत. तेव्हा आम्ही हसलो. पुढे वाचनात आलं, की जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात तासन् तास चालायला लावून, अंगावर जीपीएस बांधून त्यांचा माग काढला होता. २००९ साली ते छापून आलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले की वळायला लागली आणि आपल्याच वाटेवर परत आली. आपण वळतोय हे त्यांना समजलंही नाही. डोळे बांधले तर अनेकदा वीस मीटरहूनही कमी व्यासाचं रिंगण व्हायचं. श्रावणातल्या धुक्यात आमच्या माणसांचे डोळे बांधलेलेच होते. चकव्यावर म्हाताऱ्यांचा उतारा असा, की चालू नये, आहे तिथं खाली बसावं, तंबाखू मळावी आणि उजाडायची वाट बघावी. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवून दगावला, त्यानंतर तिकडच्या शोधपथकातल्या लोकांनी शाळांतून मुलांना शिकवायला सुरुवात केली, की वाट चुकलात तर एखादं झाड धरा आणि तिथून हलू नका. म्हणजे तंबाखू वगळून तोच उतारा. शाळांतल्या आपल्या वर्गात मी दोन्ही सांगतो. पोरांच्या लक्षात चकवा राहतो.

पहिल्या पाच-सहा वर्षांत मंडळ दोर, कॅराबिनर, हेल्मेट यांत गुंतलं होतं. ते गैर नव्हतं, कड्यावर अडकलेल्याला उतरवायला ते लागतंच. काथ्याचा सोल गेला, नायलॉनचा दोर आला. तो गिरणीत ठेवल्यामुळे पीठ बसून पांढरा झाला आणि एका प्रशिक्षकांनी तो बघून कपाळाला हात लावला. पण अडकलेल्याची सुटका ही एक गोष्ट आणि हरवलेल्याचा शोध ही निराळी. अडकलेला कुठं आहे ते ठाऊक असतं. हरवलेल्याच्या बाबतीत आपल्याकडे फक्त शेवटचं दिसलेलं ठिकाण असतं, आणि तेही कोणाच्या तरी सांगण्यावरून.

हे शिकायला आम्हाला एक दिवस मोजावा लागला. जीवधनाकडे आलेल्या सहा मित्रांपैकी एक जण बेपत्ता झाला. उरलेल्या पाच जणांनी एकसुरात सांगितलं, की तो नाणेघाटाच्या तोंडाशी फोटो काढत मागं राहिला. आम्ही घाटाच्या नाळेत उतरलो, नानाच्या अंगठ्याखालचं रान पिंजलं, एक अख्खा दिवस. दुसऱ्या रात्री त्यातला सर्वांत धाकटा मुलगा पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून माझ्याजवळ आला आणि रडायला लागला. आदल्या रात्री प्यायले होते, भांडण झालं होतं, हरवलेला मित्र पहाटेच रागानं एकटा जीवधनाच्या दिशेनं निघून गेला होता. घरच्यांसमोर हे कसं सांगायचं म्हणून पाच जणांनी मिळून एक गोष्ट ठरवली होती. तिसऱ्या दिवशी तो जीवधनाच्या पायथ्याच्या जंगलात सापडला. पाय मोडलेला, पण शुद्धीवर. दोन रात्री पाऊस पडला नाही म्हणून वाचला. नंतर त्या पाच जणांवर बरंच तोंडसुख घेतलं गेलं, पण मला विचाराल तर चूक आमची होती. आम्ही पाचांना एका ओळीत उभं करून, त्याच्या वडिलांच्या देखत विचारलं होतं.

त्यानंतर दुसरी वही आली. तिच्यात प्रत्येक शोधाला एक पूर्ण पान आणि पानभर प्रश्न. सोबत्यांना एकेकटं बाजूला घ्यायचं, घरच्यांपासून लांब, चहा देऊन. भांडण झालं होतं का. काही घेतलं होतं का. पैशाची, परीक्षेची, लग्नाची काही ओढाताण चालू होती का. हा प्रश्न विचारताना आवाज खाली आणायचा. चष्मा आहे का, पोहता येतं का, रोजची गोळी कुठली. बुटाचा तळ कसा आहे; सोबत्यांपैकी कोणी तसाच बूट घेतला असेल तर तो ओल्या मातीवर उमटवून त्याचा फोटो काढायचा. आणि घरात काय म्हणून हाक मारतात. कागदावरच्या नावाला न उठणारा माणूस, भेदरलेला असला, तर ‘बाळ्या’ म्हटल्यावर ओ देतो. लहान मुलं तर अनोळखी आवाजाला घाबरून लपतात. अमेरिकेतल्या विल्यम सिरोटकनं १९७६ मध्ये हरवलेल्यांच्या शेकडो नोंदी तपासून कोणत्या वयाचा, कोणत्या कामासाठी निघालेला माणूस किती लांब आणि कोणत्या बाजूला सापडतो याचे आडाखे बांधले. पुढे रॉबर्ट केस्टरनं २००८ मध्ये हजारो घटनांवरून तेच काम वाढवलं. आपल्या एका सभासदानं त्याच्या झेरॉक्स आणल्या तेव्हा आम्हाला मोठं घबाड मिळाल्यासारखं वाटलं. पण ते आडाखे सह्याद्रीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि याचं कारण सह्याद्रीच्या बांधणीत आहे.

हरवलेला माणूस उतरणीला लागतो, पाणी बघून ओढा धरतो आणि ओढ्याबरोबर खाली जातो. अनेक देशांत हा शहाणपणा ठरतो, कारण ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी गाव असतं. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थराचा उतार होतो, त्यावर रान वाढतं, मग पुन्हा कडा. ओढा धरून उतरणारा पहिला टप्पा घसरत, झाडं धरत पार करतो. दुसऱ्या टप्प्याला धबधबा येतो. आता वर चढता येत नाही, खाली उतरता येत नाही, आणि दोन कड्यांमधल्या त्या रानाच्या पट्ट्यात, ज्याला गावकरी पदर म्हणतात, तो अडकून बसतो. वरून आवाज दिला तर धबधब्याच्या गाजेत त्याला ऐकू जात नाही. खालून बघितलं तर झाडी दिसते. दुसऱ्या वहीतली पानं मी नकाशावर मांडून पाहिली: हाती लागलेल्यांपैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या पदरात होते आणि वरच्या बाजूला एक ओढा होता. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, की कड्याच्या टोकावर उभं राहून खोल दरीत बघत बसू नका, आधी मधल्या रानात बघा.

दुसरी गोष्ट ढोरवाटांची. माणसाची वाट कुठंतरी जायची असते. गुरांच्या वाटा चरायच्या असतात. त्या ठळक दिसतात, भरवशाच्या वाटतात आणि गवतात विरून जातात. खिरेश्वरच्या एका मामांनी मला हा फरक दाखवला. वाट फुटते तिथं खाली बसायचं आणि झुडपांच्या फांद्या बघायच्या. माणसाच्या वाटेवर खांद्याच्या उंचीच्या फांद्या मोडलेल्या किंवा कोयत्यानं छाटलेल्या असतात. ढोरवाटेवर कमरेखालचा पाला खाल्लेला असतो आणि वरच्या फांद्या तोंडावर येतात. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. दुसऱ्या वहीत मामांनी सांगितलेलं सगळं आहे, त्यांचं नाव नाही.

साधनांबद्दल फार लिहीत नाही, भांडारप्रमुखांचा लेख आहेच. स्ट्रेचरविषयी मात्र एक सांगायला हवं. इंग्लंडात १९३०च्या दशकात मँचेस्टरच्या युस्टेस टॉमस या इंजिनिअरनं खास डोंगरासाठी स्ट्रेचर बनवला आणि तो कित्येक दशकं वापरात राहिला. आपल्याकडे डोंगरातल्या वाड्यांना त्याआधीपासून डोली माहीत आहे: वेळूचा एक दांडा आणि त्याला दोन्ही टोकांशी बांधलेली गोधडी. बाळंतीण असो, साप चावलेला असो, याच डोलीतून खाली यायचे आणि काही ठिकाणी अजून येतात. अरुंद वाटेवर आपला ॲल्युमिनियमचा चार मुठींचा स्ट्रेचर आडवा होतो तेव्हा डोलीच कामाला येते. तिची एक रीत आम्हाला पाचनईकरांनी शिकवली. दमलेल्या माणसानं ‘खांदा द्या’ म्हणायचं नाही, ‘हात लावा’ म्हणायचं. डोलीत जिवंत माणूस आहे आणि तो ऐकतो आहे.

आवाजाची शिस्त मात्र आमची स्वतःची, अकरा जणांच्या त्या पहिल्या रात्रीची लाज वाटून लावलेली. पर्वतावरचा संकटाचा इशारा ठरलेला आहे, मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन वेळा. लंडनच्या आल्पाइन क्लबातल्या क्लिंटन डेंट यांनी सुचवल्यावर तो १८९४ पासून रूढ झाला. आपल्या गडांवर शनिवार-रविवारी प्रत्येकाच्या पिशवीला शिट्टी असते आणि ती मौजेसाठी वाजते, त्यामुळे इशाऱ्याचं मोल उरत नाही. पण त्यातली एक मिनिटाची शांतता आम्ही उचलली. प्रमुखानं हात वर केला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, बॅटरी विझवायची, रेनकोटची टोपी मागं करायची, कारण प्लास्टिकवर पडणारा पाऊस कानाशी ताशासारखा वाजतो. मग एकानंच हाक द्यायची, घरातल्या नावानं, आणि साठ आकडे मोजायचे. वीस माणसं अंधारात साठ आकडे गप्प उभी राहतात तेव्हा पहिल्या दहा आकड्यांत फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, मग बेडूक, मग पानांवरून गळणारं पाणी. माळशेजच्या वरच्या अंगाला अशाच एका मिनिटात, चाळिसाव्या की पन्नासाव्या आकड्याला, खालून कोणीतरी खोकलं. तो खोकला मला आजही झोपेत ऐकू येतो. हाकेला उत्तर द्यायची ताकद त्या माणसात उरली नव्हती. भिजलेला, वाऱ्यावर बसलेला माणूस जुलैच्या आपल्या ‘काही थंडी नाही’ म्हणण्याच्या हवेतही गारठून जातो. कोरडे कपडे, प्लास्टिकची मोठी पिशवी, दोन माणसांच्या अंगाची ऊब. दारू अजिबात नाही, हे प्रत्येक वेळी कोणाला तरी ओरडून सांगावं लागतं.

घरच्यांचा पहिला प्रश्न आमच्या तालुक्यात हमखास बिबट्याचा असतो. जुन्नरचं नाव त्यासाठी गाजलं आहे. पण बिबट्याचा वावर गडापेक्षा खालच्या उसात जास्त, आणि आमच्या तिन्ही वह्यांत बिबट्याच्या नावावर एकही नोंद नाही. आग्या मोहळाच्या नावावर आहेत. आणि सगळ्यांत जास्त आहेत त्या ‘मित्रांच्या पुढे निघून गेला’ या कारणाच्या.

माळीण, आंबेनळी, इरशाळवाडी या नोंदी वह्यांत आहेत, पण त्या हरवलेल्या गिर्यारोहकांच्या नाहीत. ३० जुलै २०१४ ला शेजारच्या आंबेगाव तालुक्यात अख्खं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली; तिथं आम्ही फक्त चिखल उपसला आणि सांगतील तिथं उभे राहिलो. सह्याद्रीतल्या आपल्यासारख्या पथकांची खरी ओळख सरकारला झाली ती २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली तेव्हा. दोर लावून दरीत उतरलेले बरेचसे आसपासचे ट्रेकर होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाल्यावर, ५७ माणसं बेपत्ता असताना, शोध थांबवला गेला. शोध थांबवणं म्हणजे काय ते घरच्यांच्या तोंडावर सांगायची वेळ आमच्यावर लहान प्रमाणात आली आहे. तो निर्णय कोणत्या दिवशी घ्यायचा याचं गणित आमच्याकडे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सिंहगडावर तानाजी कड्याजवळून नाहीसा झालेला तरुण पाचव्या दिवशी जिवंत सापडला, त्यानंतर आम्ही तिसऱ्या दिवशीच्या बैठका जरा बिचकत घेतो.

२०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांनी मिळून बचावकार्याचं समन्वय केंद्र सुरू केलं, ही गेल्या पंचवीस वर्षांतली आपल्या कामाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट. त्याआधी एका हरवलेल्या माणसासाठी तीन गावांतून तीन पथकं निघायची, तीन वाटांनी चढायची आणि गडावर भेटल्यावर एकमेकांच्या पाऊलखुणांचा माग काढत बसायची. हसू नका, दुसऱ्या वहीत दोन वेळा झालं आहे. साहसी पर्यटनासाठी सरकारचे नियम आले, २०१८ मध्ये आणि सुधारून २०२१ मध्ये. कागद चांगले आहेत. पण एका ठाण्यात आमच्यासमोर एका आईला ‘चोवीस तास होऊ द्या, मग मिसिंग घेऊ’ असं सांगितलं गेलं होतं. असा कुठलाही नियम नाही. तिथं आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी आवाज चढवला आणि त्यामुळे पुढे वर्षभर त्या ठाण्याकडून आम्हाला एकही निरोप आला नाही. निरोप न आल्यानं कोणाचं काय झालं असेल हा विचार मी सहसा करत नाही.

आता त्या पानाकडे येतो, ज्याच्यामुळे मला ही सगळी कथा दोन टिंबांपासून सुरू करावी लागली. दुसऱ्या वहीत एक पान असं आहे, की त्यावरचा शेवटचा रकाना रिकामा आहे. एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच गेले आणि परतले नाहीत. अकरा दिवस आम्ही, गावकरी, पोलीस, वनखात्याची माणसं फिरलो. पाण्याची बाटली मिळाली, ती त्यांची होती की नाही ते ठरलं नाही. नंतर पुढच्या पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आम्ही आपले आपण दोनदा गेलो.

सात वर्षांनी त्यांचे धाकटे भाऊ वकिलांना घेऊन गिरणीत आले. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं, असं आपला पुराव्याचा कायदा सांगतो. तेव्हा ते कलम १०८ होतं, नव्या अधिनियमात १११ आहे. तोवर बँकेचं खातं, विम्याचे पैसे, सातबाऱ्यावरचं नाव, सगळं त्यांच्या नावावर तसंच गोठलेलं. वहिनी कुंकू लावायच्या की नाही हेही घरात कोणी ठरवलेलं नव्हतं, असं भाऊ म्हणाले आणि खाली बघत राहिले. वकिलांना नाहीसं होण्याचा दिवस आणि ठिकाण पक्कं करणारा माणूस हवा होता. त्यांनी आमचं पान वाचलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘सकाळी साडेसातला एका स्थानिकानं त्यांना खिंडीच्या वर एकट्यानं जाताना पाहिलं. त्याच्यासोबत मंडळानं तो भाग तपासला.’

“हा स्थानिक कोण?” वकिलांनी विचारलं.

मला चेहरा आठवत होता. डोक्याला गुंडाळलेलं निळं प्लास्टिक आठवत होतं. त्यानं मला अर्धी भाकरी दिली होती तेही आठवत होतं. नाव आठवत नव्हतं, कारण मी ते विचारलंच नव्हतं. पोलिसांच्या कागदात तर तेवढंही नव्हतं. आम्ही चार वाड्यांत फिरलो. निळं प्लास्टिक काय, पावसाळ्यात प्रत्येकाच्याच डोक्याला असतं. शेवटी दुसऱ्या पुराव्यांवर त्यांचं काम झालं, पण त्यात आणखी दीड वर्ष गेलं. भाऊंनी आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही. पेढे घेऊन येण्यासारखी ती गोष्ट नव्हती, तरी निकालाची प्रत घेऊन ते गिरणीत आले आणि म्हणाले, वहीत लावून ठेवा. ती त्या पानाला टाचलेली आहे.

तिसऱ्या वहीत रकाने बदलले. ‘कोणी शोधलं’च्या जागी ‘कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, कोण सोबत होतं’ आलं, आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव, वाडी, बापाचं नाव. नव्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. दोर गुंडाळून झाला, माणूस खाली आला, आता नावं कसली लिहायची? त्यांना मी दुसरी वही उघडून ते पान दाखवतो.

आणि रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं कार्यकारिणीनं ठराव केला, की पहिल्या वहीतली दोन टिंबं जमतील तितकी दुरुस्त करायची. त्यासाठी गेल्या दिवाळीपासून आम्ही तिघं जण वाड्यावाड्यांवर फिरलो. काही जण वारले आहेत, काहींची मुलं आळेफाट्याला नाहीतर थेट कल्याणला कामाला गेली. ढोरवाटा दाखवणारे मामा भेटले नाहीत, त्यांच्या सूनबाई भेटल्या. जमलेली नावं संपादकांनी वेगळ्या पानावर छापली आहेत, म्हणून इथं देत नाही. काही ओळी तशाच राहिल्या आहेत आणि तिथं आम्ही ‘मंडळ’ खोडून ‘अज्ञात ग्रामस्थ’ असं लिहिलं आहे.

पाचनईचे ते पहिले गुराखी मात्र आहेत. ऐंशीच्या पुढं गेलेत, डोळ्यांनी अधू, ओसरीवर खाटेवर बसलेले असतात. म्हशी आता नातू बघतो. मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली आणि म्हणालो, “बाबा, पंचवीस वर्षांपूर्वीची दोन पोरं तुम्ही शोधली. इथं तुमचं नाव लिहायचंय. पूर्ण नाव सांगा.”

त्यांना सगळं आठवत होतं. गूळ संपला होता आणि बायकोनं शेजारणीकडून उसना आणला होता, हेसुद्धा.

“माझं कशाला?” ते म्हणाले. “मी कुठं हुडाकलं? म्हशीनं हुडाकलं. तिचं लिवा.”

मी म्हणालो, बरं, दोघांचंही लिहितो. नाव काय होतं तिचं?

“चांदी. कपाळावर पांढरा ठिपका होता ना.”

त्यांचं नाव मी शाईनं लिहिलं. त्याखाली, रकान्यात उरलेल्या जागेत, पेन्सिलीनं चांदीचं. कार्यवाहांनी ते खोडू नये, अशी माझी विनंती आहे.